सल्ला आणि दलाली

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी यांचे दिवस वाशीम जिल्ह्यात जवळजवळ एकाच वेळी येतात. सोयाबीनच्या बियाण्यासाठी पैसा उभा करावयाचा आणि त्याच सुमारास मुलामुलींच्या प्रवेशाचाही निर्णय करावयाचा. बियाणे पारखण्याची दृष्टी शेतकऱ्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महाविद्यालय पारखण्याची नाही. घरातून पदवीपर्यंत जाणारे हे पहिलेच माणूस, अशी मानोरा-मंगरूळपीरकडील अनेक खेड्यांत व तांड्यांत स्थिती आहे. अशा घराने प्रवेशासाठी सल्लागार गाठला तर त्यात वावगे काही नाही. सल्लागाराने त्याचे पैसे घेतले, तर तेही गैर नव्हे. वकील आणि वैद्य सल्ल्याचे शुल्क घेतच असतात. प्रश्न वेगळाच आहे. या सल्ल्याचे पैसे नेमके कोण देतो?

पूर्वी हा प्रश्न उद्‌भवत नसे, कारण निवडीला वावच थोडा होता. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली निघाले. तेथे जागा मिळाली तर शिकायचे, न मिळाली तर दुसरी वाट धरायची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि चित्र पालटले. देणग्यांचा बाजार भरला, तेव्हा कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा १९८७ चा कायदा करावा लागला. पुढे २०१५ च्या कायद्याने प्रवेश आणि शुल्क या दोहोंच्या नियमनासाठी प्राधिकरणे आली. प्रामाणिक विद्यार्थ्याला या व्यवस्थेने मोठेच संरक्षण दिले. परंतु ती समजून घेणे सोपे राहिले नाही.

सामाईक प्रवेश परीक्षा, जातवैधता व उत्पन्नाचे दाखले, प्रवेशाच्या फेऱ्या, पसंतीक्रमाचा अर्ज या सर्वांची वेळापत्रके ठरलेली असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारावे लागते. म्हणून कोणते नाव कितव्या क्रमांकावर लिहावे, याला फार महत्त्व असते. अभियांत्रिकीच्या अनेक महाविद्यालयांत जागांचा मोठा वाटा स्वविद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी असतो. त्यामुळे वाशीमच्या विद्यार्थ्याला अमरावती विभागात जे मिळू शकेल, ते पुण्यात मिळेलच असे नाही. हे सारे नीट उलगडून सांगणारा माणूस आपल्या शुल्काला पात्र आहे, हे मान्य करावयास हवे.

अडचण आहे ती ‘फुकट’ सल्ल्याची. पालकाकडून एक पैसाही न घेणारा सल्लागार पुष्कळदा महाविद्यालयाकडून दरडोई मोबदला घेत असतो. मग ज्याची जागा रिकामी त्याची शिफारस आधी, हे ओघाने आलेच. असा सल्लागार संस्थास्तरावरील जागा ‘थेट प्रवेश’ म्हणून पुढे करतो. या जागाही गुणवत्तेनेच भरावयाच्या असतात, ही गोष्ट तो सांगत नाही. त्याहून मोठी गोष्ट सवलतीची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. परंतु ही माफी केंद्रीय प्रक्रियेतून होणाऱ्या प्रवेशालाच आहे. थेट प्रवेशाच्या घाईत एखादी मुलगी ही सवलत गमावते, तेव्हा फुकटचा सल्ला चार वर्षांच्या शुल्काएवढा महाग पडतो.

यावर उपाय सल्लागारावर बंदी हा नव्हे. पालकाने तीन गोष्टी पाहाव्यात. महाविद्यालयाकडून मोबदला मिळतो का, हे सल्लागाराने स्पष्ट सांगावे. शिफारस केलेल्या महाविद्यालयाचे गेल्या वर्षीचे शेवटचे गुण आणि मंजूर शुल्क त्याने दाखवावे. हे आकडे प्रवेश परीक्षा कक्ष व शुल्क नियामक प्राधिकरण प्रसिद्ध करीत असल्याने ते पडताळता येतात. आणि अर्जाचा परवलीचा शब्द व मूळ कागदपत्रे विद्यार्थ्याच्याच हाती राहावीत. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये महाविद्यालयांनाच बजावले आहे. मग मध्यस्थाला तो अधिकार कोठून येणार?

तरीही सारा भार पालकावर टाकून चालणार नाही. शाळेत व्यवसाय मार्गदर्शनाची व्यवस्था असावी, असे मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये आणि कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले होते. शाळेने जे काम अंगावर घेतले नाही, तेच आज बाजारात विकले जात आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ मध्ये त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. दार जवळ आले, पण दारापर्यंतची वाट दाखविणारा हवा. जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातील एका शिक्षकाला या प्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, त्या कामाचा भार त्याच्या तासिकांत धरावा आणि निकालानंतरचे पंधरा दिवस त्याने पालकांसाठी बसावे. यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. गावातला विश्वासू शिक्षक जेथे नि:स्वार्थ सल्ला देतो, तेथे दलालाला आपले दुकान मांडण्यास जागा उरत नाही.