चार्ज देताना

मे संपत आला की आपल्या कार्यालयांत दोन प्रकारची माणसे दिसतात: टेबलाचे खण रिकामे करणारी आणि तेच खण पुन्हा भरणारी. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा धरला आहे. कौशल्य विकास असो, जिल्हा उद्योग केंद्र असो की आयटीआय, चार्ज देण्याघेण्याची रीत एकच. जडवस्तू नोंदवही उघडते. लोखंडी कपाटे इतकी, खुर्च्या इतक्या, त्यांतल्या मोडक्या इतक्या, यूपीएस एक, बंद. दोघांच्या सह्या होतात, चहा होतो, संपले.

मीही असा चार्ज घेतलेला आहे. किल्ल्या मोजून मिळाल्या. कोणत्या कारखान्यात माणूस का टिकत नाही, कोणत्या मालकाला फोन चालतो आणि कोणाकडे स्वतः जावे लागते, यातले अक्षरही मिळाले नाही. ते सारे जाणाऱ्या साहेबांच्या डोक्यात होते आणि साहेब संध्याकाळच्या गाडीने नव्या जिल्ह्याला निघाले होते.

त्यानंतर महिनाभराने माझा पहिला रोजगार मेळावा झाला. मांडव, बॅनर, टोकन, सगळे यथास्थित. फिटर ट्रेडची एक मुलगी प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद नीट लावून आली होती. मुलाखत चांगली झाली, कंपनीने होकार दिला. मग तिने पाळी विचारली. सकाळी सातची. तिच्या गावाहून पहिली एसटी निघायची साडेसातला. तिने फाइल बंद केली, ‘घरी विचारून सांगते सर’ म्हणाली आणि गेली. आमच्या प्रेसनोटमध्ये ती ‘प्राथमिक निवड’ झालेल्यांत मोजली गेली.

आठ महिन्यांनी एका लिपिकाकडून सहज बोलता बोलता कळले, की त्या गावची मुक्कामी गाडी बंद पडली होती आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आधीच्या साहेबांनी आगार व्यवस्थापकांशी दोनदा बोलणे केले होते. व्यवस्थापक जवळजवळ तयार होते. मग बदली आली. मला हे वेळेवर ठाऊक असते तर मी एक फोन केला असता. फिटरच्या अभ्यासक्रमात दोष नव्हता, मुलीत नव्हता, कंपनीतही नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणारी मुले-मुली, बहुतेक जण अकरा महिन्यांच्या करारावरचे समन्वयक, आम्हाला विचारतात की इथे करिअर कसे घडते. पदांची शिडी दाखवावी तर ती आहेच कुठे? निम्म्या जिल्हा-खुर्च्यांवर अतिरिक्त कार्यभाराची पाटी असते. म्हणून आम्ही त्यांना वि. स. पागे यांची आठवण करून देतो. विधान परिषदेचे सभापतिपद सांभाळणारा हा माणूस रोजगार हमीचा विचार घेऊन आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला गेला. १९७२ च्या दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. खर्चासाठी व्यवसाय कर बसवला. आपल्या पगारातून दरमहा जे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, त्यांचे मूळ तेच. (कापले जाताना कुरकुरतो आपण सगळेच.) गावातल्या प्रयोगापासून कायद्यापर्यंतचा हा पल्ला तीन वर्षांच्या मुदतीत बसणारा नव्हता. पागे टिकले, कारण त्यांचे पद बदलत्या कार्यासनाचे नव्हते. हे भाग्य आपल्यापैकी कोणालाच नाही. मग निदान एकाचे काम दुसऱ्याच्या हाती तरी नीट जावे.

तसे ते जात नाही, याचे एक कारण आपण काय मोजतो यात आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: शिक्षणाप्रमाणे सहा, आठ आणि दहा हजारांचे विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. किती जण रुजू झाले हे आपण रोज संध्याकाळी कळवत होतो. मुदत संपल्यावर त्याच आस्थापनेने किती जणांना ठेवून घेतले आणि बाकीचे कुठे गेले, हे रकान्यातच नव्हते. रकाना नाही म्हणून विचारणा नाही, विचारणा नाही म्हणून नोंद नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते चार्जमध्ये येणार कसे?

यंदा बदलीच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांनी एक शंभर पानी वही घ्यावी, असे आमचे म्हणणे आहे. त्यात आकडे नकोत, ते पोर्टलवर आहेत. अर्धवट राहिलेली बोलणी लिहा. कोणत्या संघटनेचे सचिव शब्द पाळतात, कुठला कारखाना शिकाऊ उमेदवाराला खरेच मशिनवर उभा करतो आणि कुठला झाडू देतो, कोणत्या गावच्या सरपंचबाई मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात, हे लिहा. स्वतःची फसलेली कामेही लिहा; पुढच्याला त्यांचाच उपयोग जास्त.

मी माझ्या शेवटच्या जिल्ह्यात अशी वही लिहिली आणि चार्ज देताना किल्ल्यांसोबत पुढे सरकवली. येणारे साहेब भले होते. त्यांनी दोन पाने चाळली, आनंद झाल्याचे सांगितले आणि मग शेजारच्या लिपिकाला विचारले, ‘ही कुठल्या नोंदवहीत चढवायची?’ तो बराच वेळ विचार करत राहिला.