सुंभ जळला, पण पीळ सरकारी काठीवर कां?

सरकारच्या आवारांत कोणतें निशाण उभें राहावें, हा प्रश्न वरवर पाहणारास फडक्याचा वाटतो. तो फडक्याचा नाहीं, मालकीचा आहे. जें आवार साऱ्या रयतेच्या करावर उभें आहे, तेथें त्याच रयतेंतील लाखों माणसांना गुलाम ठेवण्यासाठीं ज्यांनीं शस्त्र उपसलें, त्यांचें निशाण फडकूं द्यावें काय? अमेरिकेंतील दक्षिणेकडच्या संस्थानांत हा वाद दोन पिढ्या चालला. बहुतेक सरकारी इमारतींवरून तें निशाण आज उतरलें आहे, तरी त्याचे कैवारी अजून गप्प बसलेले नाहींत. म्हणून आमचें मत आम्ही आडपडदा न ठेवतां सांगतों: फडकूं देऊं नये.

कोणी म्हणेल, सातासमुद्रांपलीकडच्या काठीशीं आमच्या कुणब्या-माळ्यांना, सुतार-लोहारांना काय करावयाचें आहे? बांधवहो, करावयाचें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काढलें आणि तें अर्पण केलें अमेरिकेंतील त्या सज्जनांना, ज्यांनीं काळ्या लोकांना दास्यांतून सोडविलें. म्हणजे हें नातें आमच्या घरचें आहे. दुसरें नातें पोटाचें. १८६१ त तिकडे युद्ध पेटलें, अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. १८६५ त युद्ध संपतांच भाव कोसळला. चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज तेवढें कुणब्याच्या गळ्यांत राहिलें. त्या युद्धाची झळ आमच्या पणजोबांच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. तेव्हां त्याच्या निशाणाविषयीं बोलण्याचा हक्क आम्हांस आहे.

आतां हें निशाण कोणाचें तें पाहूं. तांबडें कापड, त्यावर निळी फुली आणि फुलींत तेरा पांढऱ्या चांदण्या. १८६० च्या डिसेंबरांत साउथ कॅरोलिना हें संस्थान अमेरिकेच्या संघराज्यांतून फुटलें. पाठोपाठ आणखी दहा फुटलीं आणि ह्या अकरांनीं आपली वेगळी चूल मांडली. त्यांच्या फौजेचें हें रणनिशाण. फुटण्याचें कारण काय, हें आम्ही आमच्या पदरचें सांगत नाहीं. त्यांचाच जबाब वाचा. साउथ कॅरोलिनाच्या जाहीरनाम्यांत रड अशी कीं, उत्तरेकडचीं संस्थानें पळून आलेले गुलाम धरून परत देत नाहींत. मिसिसिपीनें लिहून ठेवलें कीं, आपलें सारें बस्तान गुलामगिरीशीं बांधलेलें आहे. नव्या राज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनीं मार्च १८६१ मध्यें सव्हाना शहरीं भर सभेंत सांगितलें कीं, काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाहीं, ह्याच पायावर आपलें राज्य उभारलें आहे. चोरानें स्वतः कबुली दिल्यावर पंच बसवावयाचे कशाला? त्या वेळीं साउथ कॅरोलिनाची वस्ती सुमारें सात लाख होती आणि त्यांत चार लाखांवर गुलाम होते. निम्म्याहून अधिक रयतेच्या पायांत बेडी ठेवण्यासाठीं हें निशाण निघालें होतें.

ह्या निशाणाचे कैवारी तीन मुद्दे पुढें करतात. ते एकेक तपासूं.

पहिला मुद्दा वारशाचा. ते म्हणतात, आमच्या वाडवडिलांच्या शौर्याची ही आठवण आहे, द्वेषाची नव्हे. बरें तर, आठवण केव्हां झाली? १८६५ त सेनापति लीनें शरणागति पत्करली. साउथ कॅरोलिनाच्या कोलंबिया येथील कायदेमंडळाच्या घुमटावर तें निशाण चढलें १९६१ त, युद्धाच्या शताब्दीचें निमित्त करून. १९६२ त कायदेमंडळानें ठराव करून तें तेथेंच ठेवलें. मधलीं शहाण्णव वर्षें नातवंडांना आजोबा आठवले नाहींत काय? खरी गोष्ट निराळी आहे. १९५४ त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरविल्या. काळीं मुलें शाळेच्या दाराशीं उभीं राहूं लागलीं, काळीं माणसें मोटारींत बरोबरीनें बसूं म्हणूं लागलीं, तेव्हां वाडवडिलांच्या आठवणीचा उमाळा आला! १९५६ त जॉर्जिया संस्थानानें ही फुली आपल्या झेंड्यांत घातली. १९६३ त रॉबर्ट केनेडी काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ-प्रवेशाविषयीं बोलावयास माँटगोमेरीस आले, त्याच वेळीं अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनीं राजभवनाच्या घुमटावर हें निशाण चढविलें. मिसिसिपीनें तर १८९४ सालींच ही फुली आपल्या झेंड्यांत घेतली होती. त्याआधीं चारच वर्षें, १८९० त, तेथें काळ्यांचा मताचा हक्क हिरावणारी राज्यघटना झाली होती. पितरांचें श्राद्ध तिथीला होतें. शेजाऱ्यानें आपला वाटा मागितला त्या दिवशीं जें होतें, त्याला श्राद्ध म्हणत नाहींत, दमदाटी म्हणतात.

दुसरा मुद्दा गरीब गोऱ्या शेतकऱ्याचा, आणि तो आमच्या वाचकांनीं नीट ऐकावा. ते म्हणतात, ह्या निशाणाखालीं लढून मेलेले बहुतेक शिपाई साधे शेतकरी होते. त्यांच्या घरीं एकही गुलाम नव्हता. खरें आहे! पण ह्यानें निशाणाची बाजू बळकट होते कीं उघडी पडते? एप्रिल १८६२ मध्यें त्या राज्यानें सक्तीची लष्करभरती सुरू केली. ऑक्टोबरांत कायदा आला कीं, ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील, तेथील एका गोऱ्या माणसास भरतींतून सूट द्यावी. म्हणजे वीस गुलामांचा धनी गुलामांवर पहारा ठेवण्यासाठीं घरीं, आणि एका नांगराचा धनी खंदकांत. १८६३ त दुसरा कायदा आला: पिकाचा दहावा हिस्सा सरकारांत भरावा. पोरगा रणांत आणि धान्य सरकारच्या कोठारांत! श्रीमंताचें युद्ध आणि गरिबाचें मरण, असें तेथील शेतकरी त्याच वेळीं बोलूं लागले होते. ह्या मेलेल्यांविषयीं आम्हांस आकस नाहीं. त्यांच्या वंशजांनीं थडग्यावर फुलें वाहावीं, दिवा लावावा; कोणीही आडवें येऊं नये. पण ज्या निशाणानें त्यांना फसवून नेलें, तेंच त्यांचें स्मारक म्हणून मिरविणें ही त्यांचीच थट्टा आहे.

तिसरा मुद्दा बहुमताचा. २००१ त मिसिसिपीनें लोकांचें मत घेतलें. जवळजवळ दोनतृतीयांश मतें जुन्याच झेंड्याला पडलीं. झालें तर, म्हणाले, लोकांनींच निकाल दिला! रस्ता कोठून न्यावा, कर किती घ्यावा, हें बहुमतानें ठरावें. पण शेजाऱ्याच्या छातीवर पाय ठेवावा कीं नाहीं, हेंही हात वर करून ठरवावयाचें काय? मिसिसिपींत तीनांत एकाहून अधिक माणूस काळा आहे. आणि बहुमताची ही काठीही मोडली. २०२० च्या जूनमध्यें तेथील कायदेमंडळानें तो झेंडा रद्द केला, आणि नोव्हेंबरांत शेंकडा सत्तरांहून अधिक मतांनीं लोकांनीं नवा झेंडा पत्करला. त्यावर मॅग्नोलियाचें फूल आहे. आपल्या चांफ्याच्याच कुळांतलें. फुलाखालीं उभें राहण्यास कोणालाही मान खालीं घालावी लागत नाहीं.

आतां तडजोडीची कथा ऐका. पुष्कळ वर्षांच्या ओरडीनंतर २००० सालीं साउथ कॅरोलिनानें निशाण घुमटावरून काढलें, आणि लावलें कोठें? त्याच इमारतीपुढें, आवारांतील शिपायांच्या स्मारकाशेजारीं. माडीवरून काढून अंगणांत! वर कायद्याचें कुलूप: दोन्ही सभागृहांचीं दोनतृतीयांश मतें पडल्याखेरीज त्यास हात लावूं नये. ज्या इमारतीचें हें आवार, तिच्या बांधकामावर गुलामांनीं राबून दगड घडविले होते, हेंही कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

१७ जून २०१५ रोजीं चार्ल्सटन शहरांत काळ्यांच्या इमॅन्युएल चर्चमध्यें बायबलाचें वाचन चालू होतें. एक गोरा तरुण येऊन बसला. त्याला त्यांनीं आपल्यांत जागा दिली. त्यानें बंदूक काढून नऊ जणांना ठार केलें. ह्याच निशाणासह काढलेल्या त्याच्या तसबिरी पुढें जगानें पाहिल्या. मेलेल्यांत चर्चचे धर्मोपदेशक क्लेमेंटा पिंकनी होते. ते त्याच संस्थानाच्या सिनेटचे सभासद. २४ जूनला त्यांचें शव घोड्यांच्या गाडींतून कायदेमंडळांत आणलें. घुमटावरचे देशाचा आणि संस्थानाचा असे दोन्ही झेंडे दुखवट्यानें अर्ध्यावर उतरलेले होते. अंगणांतलें तें निशाण मात्र काठीच्या टोंकावर ताठ! कारण कायद्याचें कुलूप. घरधन्याचें प्रेत दारांत आणि मारेकऱ्याचें लाडकें फडकें अंगणांत, असा देखावा कोणत्या तडजोडीनें उभा केला, हें तडजोडवाल्यांनीं सांगावें.

तीन दिवसांनीं ब्री न्यूसम ह्या काळ्या तरुणीनें काठीवर चढून तें निशाण आपल्या हातांनीं उतरविलें. तिला अटक झाली, आणि तासाभरांत निशाण पुन्हां चढलें. तेथील गव्हर्नर निकी हेली ह्या पंजाबांतून गेलेल्या शीख आईबापांच्या कन्या. त्यांनीं निशाण काढावें असें सांगितलें, ह्याबद्दल त्यांस श्रेय देऊं. पण त्याच बाईंनीं २०१४ च्या निवडणुकीच्या वादविवादांत म्हटलें होतें कीं, एकाही कंपनीच्या प्रमुखानें आपल्याकडे ह्याविषयीं गोष्ट काढली नाहीं. मजुराचा आक्रोश पन्नास वर्षें ऐकूं येत नाहीं, कारखानदार खोकला नाहीं हें मात्र ऐकूं येतें! अखेर ९४ विरुद्ध २० मतांनीं खालच्या सभागृहानें कौल दिला आणि १० जुलै २०१५ रोजीं तें निशाण उतरवून संग्रहालयांत नेलें. जें पन्नास वर्षें जड होतें, तें तेवीस दिवसांत हलकें झालें. पण नऊ माणसें मेल्यावर.

इतिहास पुसला, अशी ओरड त्यानंतरही झाली. कोठें पुसला? संग्रहालयांत निशाण आहे. ज्याला पाहावयाचें त्यानें जाऊन पाहावें. कोणी आपल्या घरावर लावलें, तर तें त्याचें घर. पण गांवची चावडी ही एकट्या पाटलाची नव्हे. सावकारानें बापजाद्यांचा चाबूक आपल्या ओसरीवर टांगावा. चावडीवर टांगूं म्हणेल, तर ज्यांच्या पाठीवर तो पडला त्यांनीं न्याय मागावयास कोठें जावें? सरकारी काठीवर जें चढतें, तें सरकारच्या तोंडून बोलतें. सरकारनें एका रयतेस दुसरीची भीति दाखवूं नये.

वाचकहो, ही कसोटी कोणत्याही देशांत लागू आहे. सरकारी जागेवर जुनें निशाण कोणी चढवूं लागला, कीं तीन प्रश्न विचारा: हें कोणीं काढलें होतें? आतांच कां चढत आहे? आणि ह्याच्याखालून जातांना कोणाला मान खालीं घालावी लागते? हे प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाहीं. कर भरतां, एवढा अधिकार पुरे आहे.