जपानी कुंचल्यातील रामकथा

युगो साको या जपानी कलावंताने राम मोहन व कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शिलेला 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा हस्तचित्रांचा बोलपट १९९३ साली दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात झळकला; परंतु चित्रगृहांनी त्यास फारसे जवळ केले नाही. दूरचित्रवाणीवरील बालप्रेक्षकांनीच त्याची आठवण जपली, आणि २०२५च्या जानेवारीत तो पुनश्च चित्रगृहांत आला.

परकीयाने रामकथा का रेखाटावी, असे कोणी विचारील. आमच्या भेस्तानात मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. घरोघरी रामकथा निराळ्या भाषेत सांगितली जाते, तरी राम एकच. मग जपानी कुंचल्यानेच कोणते पाप केले? वाचकहो, वडीलधाऱ्यांसह हा चित्रपट एकवार पाहा, आणि मगच न्याय करा.