कारण कार्यालयात, उपाय मनात

१९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी सजगतेवर, म्हणजे चालू क्षणी शरीरात व मनात जे घडते त्याकडे बरेवाईट न ठरवता लक्ष देण्याच्या सरावावर, आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याकडे वळलेल्यांत प्रामुख्याने जुनाट दुखण्याचे, औषधोपचारांनी पुरता गुण न आलेले रुग्ण होते. दुखणे जाणार नसेल, तर त्यामागून येणारी भीती, चीड आणि काळजी तरी हलकी व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या वर्गात एकच बेदाणा हातात घेऊन, त्याच्या सुरकुत्या न्याहाळत, वास घेत, जिभेवर घोळवत तो सावकाश चावायचा असतो; शिवाय आडवे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरवण्याचा सराव घरी रोज सुमारे पाऊण तास करायचा असतो.

हा सराव पुढे कार्यालयांत शिरला. गूगलमध्ये २००७ साली चाडे-मेंग टॅन या अभियंत्याच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांसाठी असे वर्ग सुरू झाले, आणि आता तर मोबाइलवरील ॲप व जेवणाच्या सुट्टीतले अर्ध्या तासाचे सत्र यांवरच अनेक मनुष्यबळ विभाग समाधान मानतात. या प्रवासात एक महत्त्वाचा फरक मात्र नजरेआड झाला. रुग्णाच्या वेदनेचे कारण वैद्यकाच्या आवाक्याबाहेरचे होते. कार्यालयातील ताणाचे कारण बहुतेक वेळा व्यवस्थापनाच्याच हातात असते.

योगायोग असा, की त्याच १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी कामाच्या ताणाचा सिद्धान्त मांडला. कामाची मागणी किती आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा किती, या दोहोंच्या मेळातून ताण ठरतो आणि जेथे मागणी भरपूर पण मुभा नगण्य, तेथे तो सर्वाधिक असतो, असे त्यांचे म्हणणे होते. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक संभाषणाचे सेकंद मोजले जातात आणि जागेवरून उठण्यासाठीही परवानगी लागते, तेव्हा कर्मचाऱ्याच्या मनाची बैठक कशी आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. मायकेल मार्मट यांनी १९८५ पासून लंडनमधील १०,३०८ सरकारी नोकरांचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यातही कामावर नियंत्रण कमी असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे आढळले.

याचा अर्थ सजगता निरुपयोगी आहे असा नाही. ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे ३,५१५ सहभागींचा, जो आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना कमी होत असल्याचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. कार्यालयांतील चित्र मात्र निराळे आहे. ब्रिटनमधील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली दाखवले, की सजगता, ताण-व्यवस्थापन यांसारख्या वैयक्तिक कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांचे स्वास्थ्य न घेणाऱ्यांपेक्षा चांगले असल्याचे दिसत नाही. हा अभ्यास एकाच वेळच्या पाहणीवर आधारलेला असल्याने त्याला मर्यादा आहेत. तरीही कार्यक्रमांच्या जाहिरातींपेक्षा तो अधिक विश्वासार्ह मानावा लागतो.

ध्यान आणि कचेरी यांचे नाते महाराष्ट्राला परके नाही. सत्यनारायण गोएंका ज्यांच्याकडे विपश्यना शिकले, ते ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवीत. गोएंकांच्या परंपरेतील इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरार्थी दहा दिवस मौन पाळतो, फोन जमा करतो आणि कामापासून पूर्णपणे सुटतो. राज्य शासनानेही आपल्या कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी रजेची सोय दिली आहे. तेथे आधी वेळ मोकळा केला जातो, मग मनाकडे वळले जाते. कंपन्यांच्या सत्रांत हाच क्रम उलटतो, आणि हुकलेल्या अर्ध्या तासाचे काम संध्याकाळी उरतेच.

या उलट्या क्रमाचे टोक २०२१ साली ॲमेझॉनने दाखवले. गोदामातील कामगारांनी मनःशांतीचे व्हिडिओ पाहावेत म्हणून एका माणसापुरती पेटीसारखी खोली उभारून तिची चित्रफीत कंपनीने प्रसिद्ध केली आणि थट्टा झाल्यावर ती काढूनही टाकली. थट्टा रास्तच होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वैयक्तिक उपायांना स्थान आहे, पण त्याबरोबर कामाच्या स्वरूपात बदल करणारे संस्थात्मक उपायही सुचवलेले आहेत. तेव्हा सजगतेच्या वर्गासाठी मंजुरी मागणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ विभागाने त्याच प्रस्तावाला तीन आकडे जोडावेत: विभागातील रिक्त पदे किती, कामाची वेळ संपल्यावर वरिष्ठांचे संदेश किती, आणि वर्षभरात नाकारलेले रजेचे अर्ज किती.