बँड फुटायच्या आधी एक अल्बम काढा!

दरवर्षी मे महिन्यात आपल्या हॉस्टेलमधला एक बँड मरतो. भांडून नाही हो, प्लेसमेंट होऊन मरतो. ड्रमर चाकणला ट्रेनी म्हणून लागतो आणि तीन शिफ्टमध्ये अडकतो, बासवाला बंगळूरला जातो, गिटारवाला गेटची तयारी करायला लातूरला घरी परततो, आणि गाणारा... गाणारा नक्की काय करतोय ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मागे काय उरतं? फेस्टच्या रात्री कुणीतरी मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेलं चार मिनिटांचं शूटिंग. त्यात गाण्यापेक्षा आपल्याच पोरांच्या शिट्ट्या जास्त ऐकू येतात.

यंदाचा बँड माझ्या खोलीसमोरचाच. चौघे जण, आणि त्यांची स्वतःची सहा गाणी आहेत. चार मराठी, दोन हिंदी. मी ती गाणी भिंतीतून, दारातून आणि बाथरूममधून इतक्या वेळा ऐकली आहेत की एखाद्याचा दुसरा अंतरा बदलला तर मला झोपेतही कळतं. चौघांपैकी तिघांच्या हातात ऑफर लेटर आलंय. म्हणून मित्रहो, आणि सरांनो, मॅडमनो, तुम्हीही, हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सहा गाणी या चौघांनी जाण्यापूर्वी नीट रेकॉर्ड करावीत, अल्बम म्हणून बाहेर काढावीत, आणि कॉलेजने त्यासाठी एक खोली द्यावी.

आता कुणी म्हणेल, अल्बम कशाला? रील टाका दोन, व्हायरल झालं तर झालं. इथेच माझा विरोध आहे. रीलला गाण्याचे तीस सेकंद पुरतात, त्यामुळे बँडही तीस सेकंदच घासतो. उरलेलं गाणं कच्चं राहतं. अल्बम काढायचा म्हटलं की ज्या गाण्याला शेवट नाही त्याला शेवट शोधावा लागतो. ज्याचा अंतरा 'नंतर लिहू' म्हणून दोन वर्षं ला-ला-ला करत गायला जातोय, त्याचे शब्द लिहावे लागतात. आमच्या या सहा गाण्यांत अशी दोन आहेत. (कोणती, ते त्यांना माहीत आहे!)

हॉस्टेलच्या बँडला कुठे अल्बम जमतो, असं वाटत असेल तर जरा मुंबईकडे बघू. १९८४ मध्ये तिथे 'रॉक मशीन' नावाचा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन ही त्यातली मंडळी. स्टेजवर परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल केली की टाळ्या पडायच्या, असा तो काळ. त्या काळात या लोकांनी स्वतःची गाणी लिहून १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' असे दोन अल्बम काढले. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला, आणि १९९७ मध्ये बँड फुटला. थोडक्यात, आपल्या हॉस्टेलच्या बँडचं चार वर्षांत होतं तेच त्यांचं तेरा वर्षांत झालं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी असे दोन नवे वादक घेतले, आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम काढला. मागच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी! गाणी किती? फक्त आठ. आमच्या पोरांची सहा आहेत, म्हणजे फार मागे नाहीत. त्या अल्बमचं मिक्सिंग केलं टिम पामरने. पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग करणारा हाच तो माणूस. मुंबईच्या बँडची गाणी, आणि मिक्सिंग करणारा परदेशातला. म्हणजे वाजवणारे, गाणारे आणि मिक्स करणारे एका गावात असलेच पाहिजेत असं नाही. फक्त मुळातलं वाजवणं आधी नीट टिपलेलं असायला हवं. बासवाला बंगळूरला गेला तरी चालेल, पण त्याचा ट्रॅक इथे ठेवून जावा!

दुसरं उदाहरण दिल्लीचं, आणि ते मला जास्त लागतं. 'इंडियन ओशन'चा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरमध्ये गेला. त्याच्या आवाजातली, त्याच्या तबल्यासकटची गाणी त्याआधीच रेकॉर्ड झालेली होती. २०१० मध्ये बँडने ती '१६/३३० खजूर रोड' या नावाने बाहेर काढली. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चालायची, त्याचा हा पत्ता. सात गाणी होती. ती एकदम न काढता दर महिन्याला एक अशी नेटवर फुकट दिली. रेकॉर्डिंग 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. आपल्याकडे देव न करो असं काही होवो, पण चाकणची रात्रपाळी आणि बंगळूरचं ट्रॅफिक हेही बँडसाठी जवळपास तितकंच अंतिम असतं.

आता आपल्या भागाबद्दल. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण म्हटलं की लोकांना प्रेस शॉप, फोर्जिंग आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. संगीत म्हणजे पुण्यात, नदीपलीकडे, असा समज. मला हे पटत नाही. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, आणि मधे आपण. तुकोबांची पालखी आपल्या आकुर्डीला मुक्काम करते. या पट्ट्यातल्या गावागावांत भजनी मंडळ आहे. दिवसभर सीएनसीवर उभा राहिलेला माणूस रात्री पखवाज घेऊन बसतो. तालीम ठरलेली, जागा ठरलेली, कोण चाल धरणार आणि कोण झील ओढणार तेही ठरलेलं. याला बँड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? (बँड म्हटलं की आमच्या आजीला लाल कोटातले लग्नाचे वाजंत्री आठवतात, ती गोष्ट वेगळी.) 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडने अभंग गिटार आणि ड्रम्सवर आणले ते उगाच नाही. ताल आणि समूह दोन्ही तिथे आयतेच होते.

मात्र मराठीत बँडचा अल्बम ही गोष्ट अजूनही दुर्मीळ आहे, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, ही भावगीताची वाट. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला, २००२ मध्ये वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं 'ऐका दाजीबा' आलं, संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' आलं. हॉस्टेलच्या खोल्यांतून ही गाणी किती वाजली असतील! पण चार जणांनी मिळून शब्द लिहायचे, मिळून चाल लावायची आणि मिळूनच वाजवायची, असं मराठीत कमी झालं. पुण्याच्या 'अग्नी'ने २००७ मध्ये पहिला अल्बम काढला, तोही हिंदी. आमच्या समोरच्या खोलीतली चार मराठी गाणी म्हणूनच मला महत्त्वाची वाटतात. त्यातलं एक गाणं गुरुवारी बंद असलेल्या एमआयडीसीवर आहे. असं गाणं मुंबईच्या किंवा दिल्लीच्या बँडला सुचणार नाही, कारण त्यांना गुरुवारची सुट्टी म्हणजे काय हेच माहीत नाही.

गुरुवारचं नाव निघालंच आहे तर रेकॉर्डिंगबद्दल बोलू. एकाच्या काकांचा भोसरीत गाळा आहे. शेजारी पॉवर प्रेस. इतर दिवशी माइक लावला की दर दोन सेकंदांनी धप्प. म्हणून पोरांनी गुरुवार धरला, कारण तेव्हा सगळं शांत. पण गुरुवारीच देखभालीसाठी लाईट जाते! एकदा लॅपटॉपच्या बॅटरीवर दीड गाणं झालं आणि पुढचं राहिलं. हा काही अल्बम करायचा मार्ग नाही.

वस्तू काय लागतात? पूर्वीसारखा टेपचा स्टुडिओ आता लागत नाही. लॅपटॉप सगळ्यांकडे आहे. ऑडिओ इंटरफेस साधारण दहा-बारा हजारांत येतो, गाण्यासाठी एक बरा माइक जवळपास तेवढ्यातच. ड्रम्ससाठी माइक जास्त लागतात, ते दोन दिवस भाड्याने आणता येतात. सॉफ्टवेअर 'रीपर' घ्या, त्याचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे. चौघांत वाटलं तर ते सेमिस्टरभराच्या वडापावपेक्षा स्वस्त पडेल. क्रॅक व्हर्जन वापरून वर 'आमचं गाणं चोरू नका' म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

खरी अडचण खोलीची. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की झालं साउंडप्रूफ, हा हॉस्टेलमधला सर्वांत लाडका गैरसमज. ट्रे हलके असतात, त्यामुळे ते आवाज अडवत नाहीत. फार तर वरच्या पट्टीची थोडी किणकिण कमी करतात. आवाज अडवायला वजन लागतं. खोलीतला घुमारा कमी करायला जाड, मऊ माल लागतो, ग्लासवूल नाहीतर सरळ आपल्या गाद्या. आणि दहा फुटांच्या खोलीत काय होतं ते फर्स्ट इयरच्या फिजिक्सनेच सांगितलंय. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर, म्हणजे ५६-५७ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर तयार होणार. बास गिटारची मोकळी 'ए' तार आहे ५५ हर्ट्झची! ती छेडली की कोपऱ्यात बसलेल्याच्या पोटात गुरगुर होते आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. समोरची पोरं महिनाभर 'बासचा ॲम्प बिघडलाय' म्हणत होती. ॲम्प ठणठणीत होता.

सरांना माझं सांगणं आहे की याच्यात दोन मिनी-प्रोजेक्ट सहज बसतात. खोलीचं मोजमाप करून घुमारा कमी करणं मेकॅनिकलला, माइकपासून फाइलपर्यंतचा सगळा प्रवास ई अँड टीसीला. 'हे पोरांचं लक्ष अभ्यासातून उडवतं' असं काही स्टाफचं म्हणणं आहे. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर एकच ड्रमचा तुकडा चाळीस वेळा वाजवणारा पोरगा मी पाहिलाय. असा पेशन्स आमच्या सबमिशनच्या आठवड्यातही कुणात दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर फेस्टला बाहेरून गायक येतो, साउंड येतो, एलईडी भिंत येते, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या राहतात. एका रात्रीत जेवढा जिमखाना फंड जातो त्याच्या छोट्याशा तुकड्यात इंटरफेस, माइक आणि ग्लासवूल कायमचं येईल. ते पुढच्या वर्षीच्या बँडलाही पुरेल. सेलिब्रिटी नाइट बंद करा असं मी म्हणत नाही, मीही तिथे नाचतोच. एलईडी भिंत चार फूट कमी करा एवढंच म्हणतोय.

बँडवाल्यांनाही दोन गोष्टी. पहिली, रेकॉर्डिंगला बसण्याआधी कागदावर लिहा की कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे आणि चाल कुणाची. चौघांच्या सह्या घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहिल्याबरोबर हक्क तयार होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. आज तुम्ही एका ताटात जेवता म्हणून कागद नको वाटेल. पण दहा वर्षांनी एखादं गाणं कुणी जाहिरातीला मागितलं की ताटं वेगळी होतात.

दुसरी, पैशाची आशा ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय एक पैसाही मिळत नाही. दोन्ही हॉस्टेल मिळून आपण हजार गाठूही, पण त्यात फारतर एका चहाचा खर्च निघेल. म्हणून प्रकाशन इथेच करा. मेसमध्ये, रविवारी रात्री, फीस्टच्या आधी. मोठे स्पीकर लावा, लाइव्ह काही वाजवू नका, सहाही गाणी ओळीने ऐकवा, आणि चौघांनी कोपऱ्यात बसून फक्त लोकांचे चेहरे बघा. कोणत्या गाण्याला पोरं मोबाइल काढतात ते कळेल, कोणत्याला काढत नाहीत तेही.

जिमखान्यामागे जुन्या ड्रॉइंग बोर्डांनी भरलेली एक खोली आहे. तिला एकच खिडकी, भिंती जाड, शेजारी कुणी राहत नाही, आणि जनरेटरची लाइन तिच्या बाहेरूनच गेली आहे. एंड सेमला अजून सात आठवडे आहेत. ड्रॉइंग बोर्ड उचलायला आमच्या विंगमधली बारा पोरं तयार आहेत, मी त्यांची नावं रेक्टर सरांकडे दिली आहेत. किल्ली तेवढी हवी.