‘उद्या ये’ म्हणणाऱ्यांस

सन १९९१ ची गोष्ट. पुण्यात होली क्रॉस संघाच्या सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर स्त्री आली. नवरा जिवे मारील, मला आसरा द्या, एवढेच तिचे मागणे होते. सिस्टरांनी तिला दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती गेली; पोटातले मूलही गेले.

केरळात जन्मलेल्या या धर्मभगिनीने त्या एका ‘उद्या’चा दोष दैवावर ढकलला नाही. १९९७ मध्ये पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे त्यांनी ‘माहेर’ सुरू केले. मारहाण सोसलेल्या, टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळाला, त्यांची मुले शाळेत गेली. आश्रयास आलेल्यांपैकी कित्येकजणी पुढे निराधार लेकरांच्या घरमाता झाल्या. दारात कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही.

कोणी म्हणतील, ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. ज्या घरात सर्व धर्मांचे सण पाळले जातात, त्याच्यावर हा आरोप टिकत नाही. आणि आमिषावाचून माणूस धर्म बदलीत नाही, हे आम्हांला तरी कोणी सांगू नये! आम्ही बुद्धीने धर्म स्वीकारला आहे.

परंतु बंधुभगिनींनो, परक्यांना उत्तर देणे सोपे आहे. आपल्या घराचे काय? वरवट बकालची एखादी लेक अंगावर वळ घेऊन रात्री बापाच्या दारी आली, तर तिने काय ऐकावे? ‘सकाळी बोलू. नवराच आहे तो. मुकाट्याने नांदायला जा. चार लोक काय म्हणतील?’ हाच तो ‘उद्या’! आणि हे बोलणाऱ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असावी? १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची झालेली गळचेपी हे एक मोठे कारण होते, याचा विसर पडला काय?

केवळ दयेवर विसंबण्याचे आता कारण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. न्यायदंडाधिकाऱ्याकडून संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम मागता येते. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मागून घेता येतो. तो मागायला लेकीला एकटी धाडू नका, सोबत जा.

मात्र आदेश मिळेपर्यंत दिवस जातात, आणि जीव एका रात्रीत जातो. ती रात्र सांभाळणे आईबापांचे काम आहे. सिस्टर लुसींना परक्या स्त्रीसाठी सहा वर्षे झटून माहेर उभारावे लागले. तुमच्या लेकीचे माहेर तर आधीच उभे आहे; फक्त कडी काढायची आहे. ती आजच काढा.