चेतापेशींच्या साक्षीची उलटतपासणी कोण करणार?

कामठ्याच्या एका बैठकीत औषधांच्या प्रश्नावर बोलताना मी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी चेतापेशींचा विषय काढला, तेव्हा एक जुने साथी उसळून म्हणाले, "आमच्या पोराला पाजलेले खोकल्याचे औषध विष नाही याची खात्री नाही, आणि तुम्ही मेंदूच्या पेशींच्या गोष्टी सांगता!" सभेने टाळ्या त्यांना दिल्या. त्यांचा संताप मला पूर्णपणे मान्य आहे. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही, आणि बैठकीत वेळ अपुरा पडला म्हणून तो वाद येथे पुढे नेत आहे.

संतापाचे कारण दूरचे नाही. बालाघाट आणि सिवनी ओलांडले की छिंदवाडा लागतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील वीसहून अधिक बालके 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के आढळले. ते शोधण्यासाठी चेतापेशी लागत नाहीत, साधी रासायनिक चाचणी पुरते. महाराष्ट्राला हे नवे नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ह्याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण मरण पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची लक्तरे वेशीवर टांगली. चाचणी तेव्हाही ठाऊक होती. कुजली होती ती चाचणीवर देखरेख करणारी यंत्रणा.

साथींनी येथे थांबून विचार करावा. सोपी चाचणी जिने अशी वाऱ्यावर सोडली, त्याच यंत्रणेच्या हाती आता एक विलक्षण अवघड चाचणी येत आहे. केंद्र सरकारने 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत मार्च 2023 मध्ये दुरुस्ती करून, माणसावर प्रयोग करण्यापूर्वीच्या तपासणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशींच्या संवर्धनावरील चाचण्यांना वाव दिला. अमेरिकेने असाच कायदा डिसेंबर 2022 मध्ये केला होता. म्हणजे दार उघडलेले आहे. आपण 'हे श्रीमंतांचे विज्ञान' म्हणून पाठ फिरविली, तर त्या दारातून आत कोण शिरेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

ह्या पेशी येतात कोठून? जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना उलट्या वाटेने नेऊन मूलपेशींसारखे रूप दिले. अशा पेशींना योग्य रसायने दिली की आठवड्या-महिन्यांनी त्यांच्या चेतापेशी होतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि विजेचे सूक्ष्म स्पंद सोडू लागतात. बशीच्या तळाशी बसविलेल्या सूक्ष्म विद्युत्अग्रांनी ते स्पंद मोजता येतात. औषध घातल्यावर ते बेफाम झाले, मंदावले किंवा पेशीच मेल्या, तर धोक्याची सूचना मिळते.

ही सूचना किती मोलाची ठरू शकते ते फ्रान्समधील रेन येथील घटनेवरून दिसते. जानेवारी 2016 मध्ये तेथे एका पोर्तुगीज कंपनीचे नवे औषध निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. उंदीर, कुत्रे, माकडे ह्या सर्वांवरील परीक्षांतून ते पार झाले होते. तरीही एक स्वयंसेवक मेंदू निकामी होऊन मेला आणि आणखी काहींच्या मेंदूला इजा झाल्याची लक्षणे दिसली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की ह्या औषधाने संवर्धित चेतापेशींमधील स्निग्ध द्रव्यांची घडी विस्कटते, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या निर्धोक औषधाने तसे होत नाही. मृत्यूचे कारण नेमके हेच होते असे सिद्ध झालेले नाही. परंतु बशीतील पेशींनी दिलेली ही साक्ष माणूस मेल्यानंतर नोंदविली गेली, एवढे तरी खरे.

तर मग ही साक्ष आधीच घ्यावी, असे कोणीही म्हणेल. मात्र हा साक्षीदार अद्याप भरवशाचा नाही. एका प्रयोगशाळेतील पेशी दुसरीतल्यांशी जुळत नाहीत. एकाच प्रयोगशाळेत एक घाणा दुसऱ्यासारखा उतरत नाही. कोठे चेतापेशींचे प्रमाण अधिक, कोठे त्यांना आधार देणाऱ्या पेशींचे. कित्येक महिने जोपासल्यानंतरही त्या प्रौढ मेंदूपेक्षा गर्भाच्या मेंदूशी अधिक मिळत्याजुळत्या राहतात. बशीत यकृत नसते, म्हणून यकृतातून गेल्यावर विषारी होणारे औषध तेथे सोज्वळ ठरते. काही उपकरणांचे सिलिकॉन तर औषध स्वतःच शोषून घेते, आणि पेशींना विष पोचलेच नाही म्हणून औषध 'सुरक्षित' ठरते! ह्या सर्वांवर उपाय आहेत. ठरलेल्या कृती, प्रत्येक वेळी पेशींची जनुकीय तपासणी, ज्ञात विष आणि ज्ञात निर्धोक औषध यांची प्रत्येक बशीशेजारी तुलना, आणि मुख्य म्हणजे नावे झाकून सांकेतिक क्रमांकाने पाठविलेली औषधे अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखणे.

पण ही परीक्षा घ्यायची कोणी? आज कंपनी आपल्या पेशी आपण वाढविते, आपले औषध आपण घालते आणि सोयीचा निकाल तेवढा पुढे करते. कामठा ही जुनी जमीनदारी. पायली जमीनदाराची असली की मापात पाप कोठे झाले हे कुळाला कळत नसे, हे येथील लोकांना मी सांगावे असे नाही. फसलेल्या चाचण्या कंपनीच्या कपाटात राहणार असतील, तर चेतापेशी कितीही उत्तम वाढवा, विश्वास ठेवण्यास आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न, पेशी कोणाच्या? ब्रिटनमधील शेकडो दात्यांच्या मूलपेशींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेशींच्या निरनिराळ्या गुणधर्मांतील 5 ते 46 टक्के फरक दात्या-दात्यांतील भेदामुळे असल्याचे दिसले. जगातील पेशीपेढ्यांत युरोपीय वंशाच्या दात्यांचा भरणा आहे. ज्या गोंड, पोवार, ढिवर माणसांना औषध गिळायचे, त्यांच्या वतीने साक्ष देणारी एकही पेशी बशीत नसावी? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे सरकारी पेशीभांडार आहे. भारतातील सर्व समाजांच्या दात्यांची मूलपेशीपेढी अशा सार्वजनिक संस्थेत उभी राहावी, ही मागणी अवास्तव नाही. त्यातही एक अट हवी. सिकलसेलच्या तपासणीसाठी पूर्व विदर्भाने रक्त पुष्कळ दिले आहे. हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी 1951 मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्यांवर उद्योग उभे राहिले, आणि तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली ती 2023 साली. आपल्याकडे संमती दात्याच्या भाषेत, समजावून आणि मागे घेता येईल अशी असली पाहिजे.

जुन्या साथींना आणखी एक सांगायचे आहे. ह्या चाचण्या केवळ महागड्या नव्या औषधांसाठी नाहीत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. धानाच्या बांधीत फवारणारा मजूर आणि शेजारच्या बांधीत रोवणी करणारी गरोदर बाई यांच्या मज्जासंस्थेवर कीटकनाशके थोड्या थोड्या मात्रेने काय करतात, हे पाहण्याची सोय ह्याच पेशींत आहे. विकसनशील मेंदूवरील विषपरिणाम पेशींवर पाहण्याच्या चाचण्यांचा एक संच आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2023 मध्ये मार्गदर्शनासह पुढे ठेवला आहे. कीटकनाशकांच्या नोंदणीत त्याची सक्ती मागण्यास आपल्याला कोणी अडविले आहे?

म्हणून औषध प्रशासनाला द्यावयाच्या निवेदनात सिरपच्या तपासणीची मागणी पहिली राहू द्या, तिच्याखाली ही कलमे घाला. पेशींवरील चाचणीचे सर्व निकाल, फसलेल्यांसह, जाहीर व्हावेत. सांकेतिक औषधांची परीक्षा सरकारी प्रयोगशाळांनी घ्यावी आणि तीत नापास होणाऱ्या पेशींचा पुरावा मान्य करू नये. परीक्षेच्या यादीत पहिले नाव सोडियम व्हॅल्प्रोएटचे असावे. फेफऱ्यावरचे हे स्वस्त औषध खेड्यापाड्यांत सर्रास दिले जाते. गरोदरपणी घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग येऊ शकते हे 1980 च्या दशकापासून, आणि त्याच्या बुद्धीवरही परिणाम होतो हे पुढे, माणसांच्या मुलांवरून कळले आहे. ज्या पेशींना एवढेही ओळखता येत नाही, त्यांच्या भरवशावर नवे औषध कामठ्याच्या बाईला देऊ नये.